टंचाई उन्हाळ्यात नव्हे, आषाढात जाणवते

घरच्या शेतीवर वर्षभर जेवणाऱ्या कुटुंबाची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते, हे घरच्या धान्यावर जगण्याविषयीच्या लेखातील विधान आम्हा यवतमाळकडच्या लोकांना पटण्यासारखे नाही. उन्हाळ्यात शिवार उजाड दिसते, हे खरे. पण त्याच वेळी घर भरलेले असते, कारण तूर, हरभरा आणि गहू नुकतेच घरात आलेले असतात, ओलीत, म्हणजे शेताला पाण्याची सोय, असेल तर चिवळीची भाजी मिळते आणि अंगणात मूगवड्या, कुरडया वाळत असतात. आमच्याकडे हात आखडता घ्यावा लागतो तो आषाढापासून भादव्यापर्यंत, जेव्हा खरीप शेतात उभे असते, धान्याच्या कणगीचा तळ दिसू लागतो आणि बियाण्या-खताने खिसा आधीच रिकामा केलेला असतो. तरोटा आणि कटुले या रानभाज्या तेव्हा उगवतात, हीच काय ती सोय.

धान्याच्या साठवणुकीला लेखात एकच ओळ मिळाली, याचेही आश्चर्य वाटले. चार वर्षांपूर्वी पावसाच्या धास्तीने आम्ही तूर एकच ऊन देऊन कोठीत भरली आणि श्रावणात झाकण उघडले, तर दाण्यादाण्याला छिद्र, वर भुंग्यांचा थर आणि तळाशी पीठ. तेव्हापासून दाणा दातांखाली कटकन फुटेपर्यंत तूर वाळवतो, भरडलेल्या डाळीला एरंडेलाचा हात लावतो आणि कडुनिंबाचा पालाही सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय कोठीत घालत नाही, कारण ओला पाला दमटपणाच वाढवतो.