‘गावात लिनक्स चालत नाही’ : फिरत्या मेसेजमधला एकेक मुद्दा

विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून विदर्भातल्या सेतूवाल्यांच्या आणि शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा : ‘जुने कॉम्प्युटर आता भंगार. लिनक्स फुकट आहे, पण गावात चालत नाही. मराठी येत नाही, कायम नेट लागतं, प्रिंटर चालत नाही, सेतूचं काम होत नाही, बिघडलं तर नागपूरला न्या. त्यापेक्षा क्रॅक (म्हणजे चोरीचं) विंडोज ११ टाका.’ लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी सिस्टीम, आणि मिंट हा तिचा एक प्रकार. यातला सेतूचा मुद्दा खरा आहे, प्रिंटरचा अर्धा खरा. बाकीचे तपासून पाहू.

‘जुने कॉम्प्युटर भंगार.’ १४ ऑक्टोबर २०२५ ला सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले, मशीन थांबलं नाही. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणून चौथ्या-पाचव्या पिढीचे आय३ त्यातून बाद होतात. त्याच आय३ वर ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती नीट चालते. २ जीबीवरही चालते असं सांगणारे भेटतील, पण ब्राउझरच्या चार टॅब उघडल्या की ते मशीन रखडतं. खर्च करायचाच असेल तर आधी एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा. जुन्या हार्डडिस्कचा संथपणा कुठलीच सिस्टीम घालवत नाही. मे महिन्यात मशीन आपोआप बंद पडत असेल, तर मात्र पंख्यातली धूळ आणि कापसाची तूस काढा. लिनक्सचा त्याच्याशी संबंध नाही.

‘मराठी येत नाही.’ कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इंडियन गटात मराठी इनस्क्रिप्ट ही मांडणी आहे, ती निवडली की काम सुरू. रेमिंग्टनची (जुन्या टाइपरायटरच्या मांडणीची) सवय असेल तर आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची पॅकेजं घाला, त्यात हिंदी रेमिंग्टन मिळतो. खरी अडचण कृतिदेवच्या जुन्या फायलींची. फॉन्टची टीटीएफ फाइल विंडोजमधून आणून बसवली की लिबरऑफिस या फुकट ऑफिसमध्ये मजकूर दिसतो, टाइपही होतो. पण ऑल्ट दाबून नंबरपॅडवर आकडे मारून जी अक्षरं काढतात, ती लिनक्समध्ये निघत नाहीत. रोज कृतिदेवमध्ये अर्ज टाइप करणाऱ्याचा हात इथेच अडतो. दुसरं, मिंटमध्ये विंडोजचा मंगल फॉन्ट येत नाही. त्याच्या जागी आपोआप दुसरा फॉन्ट येतो, ओळी सरकतात आणि एका पानाचा ठराव दुसऱ्या पानावर जातो. म्हणून बाहेर पाठवायची फाइल पीडीएफ करूनच पाठवा.

‘कायम नेट लागतं.’ नाही. मिंटची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) साधारण ३ जीबीची. जिथे रेंज आहे तिथे एकदा उतरवून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रामने चढवली की झालं. इन्स्टॉल करताना नेट नसलं तरी चालतं. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस सोबतच येतात.

‘प्रिंटर चालत नाही.’ मॉडेल सांगा, मग बोलू. एपसनच्या एल मालिकेतले इंकटँक सहसा सरळ चालतात. एचपी लेसरजेट १०२० ला एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं प्लगइन एकदा नेटवरून घ्यावं लागतं. ते घेतलं नाही तर प्रिंटर यादीत दिसतो पण कागद ओढत नाही. आणि गल्लोगल्ली दिसणारा कॅनन एलबीपी २९०० खरोखर त्रास देतो. त्याच्या जुन्या कॅप्ट ड्रायव्हरला ३२ बिट लायब्ररी लागतात, आणि एखाद्या अपडेटनंतर प्रिंट रांगेतच अडकून बसते. तो प्रिंटर बदलायचा नसेल तर सिस्टीमही बदलू नका.

बाकी यंत्रांची खात्री फुकटात होते. पेनड्राइव्ह लावून मशीन चालू होतानाच सहसा एफ१२ (एचपीवर एफ९) दाबा आणि इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवा. वायफाय, आवाज, स्कॅनर, प्रिंट, सगळं पाहून घ्या. वायफाय दिसलं नाही तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा. ब्रॉडकॉमच्या चिपचा ड्रायव्हर नंतर ड्रायव्हर मॅनेजरमधून मिळतो.

‘सेतूचं काम होत नाही.’ बरोबर. अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, म्हणजे ते यंत्र आधारच्या पडताळणीला जोडणारा प्रोग्राम, कंपन्या मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी देतात. ग्रामपंचायतीच्या ई-ग्रामस्वराजवरच्या पेमेंटला लागणारं डीएससी (डिजिटल सहीचं) टोकन, हिशेबाचं टॅली, मराठी टायपिंगचं श्रीलिपी यांनाही मुख्यतः विंडोजच लागतं. ज्या मशीनवर ही कामं होतात, तिथे विंडोजच ठेवा. सातबारा काढणं, महाडीबीटीचे फॉर्म, ई-मेल, हिशेबाची शीट, पोरांचा अभ्यास ही ब्राउझर आणि ऑफिसची कामं लिनक्सवर होतात. केरळच्या सरकारी शाळांतले कॉम्प्युटर काइट या संस्थेच्या लिनक्सवर चालतात, आणि त्या शाळा काही सगळ्या शहरांत नाहीत. पोरगी एमएस-सीआयटी करत असेल तर मात्र तिला विंडोज आणि एमएस ऑफिसवरच हात बसवावा लागेल.

‘बिघडलं तर नागपूरला न्या.’ बहुतेक वेळा बिघाड एकच : अपडेट चालू असताना लाईन जाते आणि पॅकेजं अर्धवट राहतात. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘sudo dpkg --configure -a’ ही आज्ञा दिली की राहिलेलं काम पुरं होतं. त्याने भागलं नाही तर मिंटमधल्या टाइमशिफ्ट या प्रोग्रामने मागच्या तारखेवर जाता येतं, पण त्यासाठी ते पहिल्याच दिवशी चालू केलेलं हवं. टाइमशिफ्ट सिस्टीम वाचवतं, तुमचे फोटो-फायली नाही. त्या वेगळ्या डिस्कवर ठेवा. तालुक्याचा मेकॅनिक ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणाला की मशीनवरच्या फायली जातात.

‘क्रॅक टाका.’ क्रॅक चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच काय ते समजा.

दोन्ही सिस्टीम शेजारी ठेवायच्या तर आधी विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कला लागणाऱ्या कुलपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. डिस्क मॅनेजमेंटमधून ५० जीबी मोकळी करा आणि इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ला हात लावू नका. डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्कची पद्धत बहुधा इंटेल आरएसटी असते. ती बदलून एएचसीआय करण्याआधी विंडोज पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सेटिंग करून ठेवा. नाहीतर निळी स्क्रीन येते आणि विंडोज उघडतच नाही.