त्रिची 'केली' म्हणे!

सकाळी सकाळी डोकं फिरलंय. घरच्या ग्रुपवर तमिळनाडूत त्रिचीला गेलेल्या एका काकांचा मेसेज: 'श्रीरंगम, जंबुकेश्वर, रॉकफोर्ट. चार तासांत तिन्ही केली. दुपारी तंजावर करतोय.' खाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग. वर शेपूट म्हणून, 'बघण्यासारखं फार नाही. हिंदी बोललं तर ढिम्म.'

केली! देवळं म्हणजे काय धुणीभांडी आहेत?

माझ्या यादीतल्या लोकांना हे सांगायला नको. तरी लिहितोय, कारण हाच गुन्हा माझ्या नावावरही आहे.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आईला घेऊन एका टूरबरोबर गेलो होतो. तिकडचा मार्गळी महिना नुकताच लागला होता. भल्या पहाटे बसने श्रीरंगमला सोडलं. आत चालत जाताना एका घराच्या दारात एक बाई ओणवी होऊन ठिपके टाकत होती. तांदळाचं पीठ, चिमटीतून सुटणारी एकसारखी धार. मधोमध शेणाचा छोटा गोळा आणि त्यात खोचलेलं पिवळंजर्द भोपळ्याचं फूल. आई थांबली. पुढे टूर मॅनेजरची शिट्टी. मी म्हटलं, "आई चल, देऊळ पुढे आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा.

आता काकांनी टाकलेल्या फोटोबद्दल. तो श्रीरंगमच्या राजगोपुराचा, म्हणजे देवळाच्या दारावरच्या उंच मनोऱ्याचा आहे, २३६ फूट. विजयनगरच्या काळात सुरू होऊन अर्धवट राहिला, तो पुरा झाला १९८७ साली. म्हणजे काका नोकरीला लागले होते तेव्हा! शतकानुशतकं थांबलेल्या गोपुराखाली काकांनी किती वेळ काढला? सेल्फीपुरता.

तिरुवानैकावलला, म्हणजे यांच्या 'जंबुकेश्वर'ला, माध्यान्हीच्या पूजेला पुजारी साडी नेसून येतो. तिथली देवी अखिलांडेश्वरी स्वतः शंकराची पूजा करते, असा भाव. पंचमहाभूतांतलं जललिंग ते, गाभाऱ्यात पाणी झिरपतं. पण माध्यान्हीला काका तंजावरच्या बसमध्ये. रॉकफोर्टच्या टेकडीवर निम्म्या वाटेत तायुमानवर, म्हणजे शंकराचं देऊळ, आहे. कावेरीला पूर आला, बाळंतिणीची आई पलीकडे अडकली, तेव्हा शंकरच आईचं रूप घेऊन बाळंतपणाला आला. आई झालेला देव! त्याच्या दारावरून धापा टाकत वर, माथ्यावरच्या उच्ची पिल्लैयार गणपतीला हात जोडून खाली.

आणि हिंदीचं म्हणाल तर, आपल्याकडे बँकेत कोणी मराठी बोललं नाही की आपण पोस्टी टाकतो. मग श्रीरंगमच्या फुलवालीने का हिंदी बोलावं?

१७४१ मध्ये रघूजी भोसल्यांनी त्रिचनापल्ली, म्हणजे हीच त्रिची, घेतली, तिथला सत्ताधारी चंदासाहेब याला धरून साताऱ्याला आणलं. किल्ल्यावर मुरारराव घोरपडे राहिले, १७४३ पर्यंत. मराठी माणूस तेव्हा दोन वर्षं राहत होता तिथे. आता चार तास.

बरं, मान्य. रजा मिळत नाही, गुडघे बोलतात, कावेरी आणि कोल्लिडम नद्यांच्या मधल्या श्रीरंगमच्या बेटावर डिसेंबरातही घाम निथळतो. काकांचं वय सत्तर. असो.

तर ती बाई. तिने वर पाहिलं, आईकडे पाहिलं आणि पिठाची वाटीच पुढे केली. आई, जी घरी खाली बसायला स्टूल मागते, ती तिथे रस्त्यावर टेकली आणि कोपऱ्यात गाईची पावलं काढायला लागली. ती बाई काहीतरी बोलली, आई "हो ना" म्हणाली. आणि मी ओरडलो. सगळ्या बसदेखत. "घरी नाही का काढता येत रांगोळी? लोक खोळंबलेत!" आई उठली, पदराला हात पुसला, चालायला लागली. एक पाऊल अर्धंच राहिलं.

नंतर हॉटेलवर नकाशा पाहत बसलो, तेव्हा कळलं. श्रीरंगमला एकात एक सात तट आहेत, १५६ एकर, आणि बाहेरच्या तटांच्या आत घरं, दुकानं, गल्ल्या. म्हणजे त्या बाईचं दार देवळातच होतं. आई देवळात बसली होती आणि मी तिला उठवत होतो, देऊळ पुढे आहे म्हणून.

काकांवर एवढा का चिडलो, ते इथवर टाईप केल्यावर माझं मलाच कळतंय. त्यांना लिहिलेला रिप्लाय पुसून टाकला.

मघाशी आईला विचारलं, ती बाई तेव्हा काय म्हणाली होती गं?

"फूल दुपारपर्यंत मान टाकतं म्हणाली."

"तुला तमिळ कधीपासून कळायला लागलं?"

"अरे, भोपळ्याच्या फुलाबद्दल दुसरं काय बोलणार? बाजूला सर, कुकर लावायचाय."