खुलासा: पाणी उडालं म्हणजे किक चांगली, असं नाही

सुट्टी लागली की नाशिकच्या पोहणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक सल्ला फिरू लागतो: "फ्रीस्टाइलमध्ये पाय बुडतात? गुडघ्यातून जोरात किक मारा, पाणी उडालंच पाहिजे." हा सल्ला चुकीचा आहे. सावरकर जलतरण तलावावर नव्याने शिकणाऱ्यांनी तर तो मुळीच मनावर घेऊ नये.

पाय बुडतात ते बहुधा डोक्यामुळे. छातीत हवा असल्याने तो भाग तरंगतो, पाय जड पडतात. त्यात समोर बघायला मान उचलली की कंबर लगेच खाली जाते आणि मग कितीही किक मारा, दमच लागतो. नजर तळाच्या पट्टीवर ठेवा. श्वास घेताना मान उचलू नका, शरीरासोबत कुशीला वळा. गॉगलची एक काच पाण्यातच राहिली पाहिजे.

किक निघते कमरेच्या सांध्यातून. गुडघा फार दुमडला की मांडी पाण्याला पुढे ढकलते, म्हणजे ब्रेकच लागतो. गुडघा किंचित सैल, घोटा ढिला, पंजा मागे ताणलेला. दोन पावलांमधलं वर-खाली अंतर साधारण 30 ते 40 सेंटीमीटर पुरे. टाचा पाण्याच्या पृष्ठभागाला जेमतेम लागाव्यात. पंजा मुद्दाम आवळून ताणला तर पोटरीत गोळा येतो, ही तक्रार फार ऐकू येते.

सरावाला बोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरून मान वर काढण्यापेक्षा कुशीवर झोपून, खालचा हात पुढे ताणून 25 मीटर किक मारा. मग कूस बदला. वेग कमी वाटेल, वाटू द्या. कंबर वर राहतेय का एवढंच बघा.