‘दहावीपर्यंत आपोआप सुटतं’ म्हणे. नाही सुटत!

“मूल वाचताना अडखळतं? आईने ग्रहणात भाजी चिरली असणार, वर मोबाइल. डॉक्टरकडे नेऊन शिक्का मारून घेऊ नका. ब्राह्मीचं सिरप द्या, दहावीपर्यंत आपोआप सुटतं.” हा मेसेज चिपळूण-गुहागरकडच्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो वाचून माझ्या वहिनीने तिसरीतल्या मुलाची तपासणी पुढे ढकलली, म्हणून आता गप्प बसवत नाही.

ग्रहणाचा आणि मुलाच्या वाचनाचा काडीचा संबंध नाही. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडणं, बऱ्याच अंशी आनुवंशिक असते; त्यातलं वाचनात अडणं म्हणजे डिस्लेक्सिया. वडील, काका, आत्या यांच्यात बऱ्याचदा कुणीतरी ‘शाळेत कच्चं’ निघतं. मूल वेळेआधी जन्मलं किंवा जन्मताना वजन फार कमी असलं, तरी धोका वाढतो. आईला बोल लावणं थांबवा.

मोबाइलचं म्हणाल, तर 1896 साली प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी 14 वर्षांच्या एका हुशार मुलाची नोंद केली, ज्याला वाचताच येत नव्हतं. तेव्हा कुठला मोबाइल? रात्री उशिरापर्यंत स्क्रीन बघून झोप आणि लक्ष बिघडतं, एवढं मान्य. पण त्याने डिस्लेक्सिया होत नाही. सिरपनेही तो जात नाही.

सगळ्यात घातक आहे ती ‘शिक्क्या’ची भीती. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेची स्वतंत्र नोंद आहे. 2018 च्या केंद्राच्या सूचनांनुसार प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळायचं, 14 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची; 2024 मध्ये त्या सूचना सुधारल्या, तेव्हा आताचा नियम विचारून घ्या. तपासणीत आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी. बुद्धी कमी म्हणून हे होत नाही, हेच त्यातून दिसतं. म्हणजे हा कागद मुलाला ‘ढ’ ठरवत नाही, उलट तो ढ नाही हे लिहून देतो. त्याच्या आधारे दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. अर्ज शाळेमार्फत बोर्डाकडे जातो, तेव्हा परीक्षा तोंडावर आल्यावर धावाधाव करून हाती काही लागत नाही.

आणि थांबल्याने काय होतं? तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं, चौथीपासून वाचून शिकावं लागतं. मग परिसर अभ्यास, गणिताची शाब्दिक उदाहरणं, सगळंच हातचं जातं. पहिली-दुसरीत घ-ध, भ-म चुकणं सगळ्यांचंच असतं. तिसरीतही एकाच पानावर ‘सूर्य’ तीन तऱ्हांनी लिहिला जात असेल, तोंडी उत्तर पक्कं आणि वहीत मात्र भोपळा असेल, तर वाट बघू नका. विचारून पाहा: ‘कपाट’ मधला ‘क’ काढला तर काय उरतं? तिसरीतलं मूल इथे वारंवार अडत असेल, तर तेही तपासणाऱ्यांना सांगा.

शिकवण्याचीही रीत आहे. एका वेळी दोन-तीनच अक्षरं, आवाज काढत, बोटाने गिरवत. मग काना-वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. रोज थोडा थोडा वेळ द्या. ‘दहा वेळा लिही’ ही शिक्षा मात्र बंद.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट आपल्या किनाऱ्यावर लागू आहे. पागाला, म्हणजे फेकून मासे धरायच्या जाळ्याला, लावायचं शिसं घरात वितळवू नका, मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. शिशाने वाढत्या मेंदूची शिकण्याची ताकद खरोखरच घटते.

तपासणीची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. जाताना दोन वर्षांच्या वह्या, प्रगतिपुस्तक आणि बाळंतपणाची फाइल सोबत न्या. चाचणी मूल ज्या माध्यमात शिकतं त्याच भाषेत व्हायला हवी, हे आधीच सांगा.