घोडा बघून येतो

आधीच सांगून टाकतो, माझं आणि घोड्याचं कधी जमलेलं नाही. लहानपणी माथेरानला दस्तुरीला बाबांनी एका घोड्यावर बसवलं होतं, तो मला घेऊन सरळ एका बंगल्याच्या कुंपणाशी गेला आणि तिथलं गवत खात उभा राहिला, मालक शोधत येईपर्यंत मी वरून "काका, ओ काका" करत होतो. तेव्हा जी धास्ती घेतली ती अशी, की स्वतःच्या लग्नात वरातीला घोडा नको म्हणून मी मामाच्या मारुती ८०० मधून गेलो. आणि असा माणूस वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी हौसेने मंगोलियाला जातो. माणसं जेमतेम पस्तीस लाख आणि घोडी मोजायला गेलात तर तीही तेवढीच, कदाचित जास्तच निघतील, असा देश!

दोष आमच्या सोसायटीच्या ग्रुपचा आहे. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, कुठेतरी जायचं ठरलं, तर ग्रुपवर बाली होऊन गेलेलं, व्हिएतनाम होऊन गेलेलं, बाकू तर एकाच विंगमधल्या तिघांचं झालेलं. हिचं म्हणणं, असं काहीतरी शोध की कुणाच्या स्टेटसला आलेलं नसेल. मी चेष्टेत म्हटलं मंगोलिया, आणि चेष्टा करताना बायकोचा चेहरा बघून करावी हे पंचवीस वर्षांत मी शिकलेलो नव्हतो.

राजधानी उलानबातरला पोचलो, दोन दिवस शहर बघून झालं, तिसऱ्या दिवशी गोर्खी-तेरेल्ज नॅशनल पार्कची गाईडसकट डे ट्रिप. सकाळी आठला पिकअप, लंच इन्क्लुडेड, घोडेस्वारी इन्क्लुडेड. मी बुकिंगवाल्याला नम्रपणे विचारलं की घोडा काढून टाकला तर किती कमी होतील. तो म्हणाला काहीच नाही, सेम प्राइस. झालं, हिने लगेच निकाल दिला, "पैसे तेच असतील तर बसायचं." ब्युफेत ज्या तत्त्वावर आपण चौथा गुलाबजाम खातो त्याच तत्त्वावर माझा घोडा बुक झाला.

गाडीत आम्ही सहा जण. एक कोरियन नवराबायको, दोन उंचेपुरे जर्मन आणि आम्ही. गाईड म्हणजे पंचविशीची चुणचुणीत पोरगी, आणि ड्रायव्हर जो दिवसभरात मिळून सात-आठ शब्द बोलला असेल. मला गाडी लागते म्हणून पुढची सीट दिली. मी नेहमीच्या सवयीने डावीकडून चढलो, बसलो, बेल्ट लावला, गाडी रस्त्याला लागली आणि मग डोक्यात प्रकाश पडला. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, पण निम्म्या गाड्या जपानमधून सेकंडहँड आलेल्या, त्यामुळे स्टिअरिंगही उजवीकडेच. म्हणजे पुढे ट्रक असला की ओव्हरटेक करताना समोरून काय येतंय ते ड्रायव्हरला दिसतच नाही, ते दिसतं डावीकडे बसलेल्याला. म्हणजे मला.

पहिल्या ट्रकच्या मागे त्याने गाडी थोडी बाहेर काढली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ओके?"

मी तोपर्यंत आयुष्यात कुणाला ओके दिलेलं नव्हतं, ऑफिसात माझ्याकडे फक्त प्रोसेस होतं. पण आठ जिवांची जबाबदारी अंगावर पडली की माणूस मोठा होतो. नलाइख हे कोळशाच्या खाणीचं गाव येईपर्यंत मी "नो नो नो... वेट... या, गो गो" असा एसटीच्या जुन्या कंडक्टरसारखा तयार झालो होतो, एकदा तर जोशात दारावर थापही मारली. मागून ही म्हणाली, "जरा हळू सांगा त्याला." जणू मीच चालवतोय.

पुढे एके ठिकाणी गाडी थांबली. ना झाड, ना टपरी, नजर जाईल तिथपर्यंत गवताच्या टेकड्या. गाईड मागे वळून गोड आवाजात म्हणाली, "एनीबडी वॉन्ट्स टू सी द हॉर्सेस?" दोघे जर्मन आणि ड्रायव्हर लगेच उतरून एका उंचवट्यामागे चालायला लागले. मी म्हटलं, लांबून घोडे बघायचे आहेत, बसायचं नाहीये, हे मला झेपेल. मोबाईलचा कॅमेरा चालू करून, झूम वगैरे सेट करून, त्यांच्या मागोमाग उंचवट्यावर चढलो आणि "व्हेअर? व्हेअर?" असं विचारत दोघा जर्मनांच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

पुढचं लिहीत नाही. एवढंच सांगतो की तिथे घोडा नव्हता, आणि त्या दोघांनी नंतर दिवसभर माझ्या मोबाईलकडे फार संशयाने बघितलं.

गाडीत आल्यावर गाईडने हसू दाबत समजावलं. मंगोलियात निसर्गाच्या हाकेला 'मोर हारख' म्हणतात, म्हणजे घोडा बघून येणे. गवताळ प्रदेशात तंबूतून उठून माणूस बाहेर गेला तर घोडा बघायलाच गेला असणार, दुसरं आहे काय बघायला? बायकांनी जायचं असेल तर फुलं तोडायला जाते म्हणायचं. तसं आपणही काही कमी नाही, आपल्याकडे माणसाला शंका येते, ती लघु की दीर्घ एवढाच प्रश्न. पण निदान आपल्या शंकेचे कुणी फोटो काढायला जात नाही.

मग चंगीज खानाचा पुतळा. त्सोंजिन बोल्दोग नावाच्या जागी, शहरापासून ५४ किलोमीटरवर, माळावर दुसरं काहीही नसताना अचानक ४० मीटर उंच स्टीलचा चंगीज खान घोड्यावर बसलेला दिसतो. २००८ साली पुरा झाला, २५० टन स्टेनलेस स्टील लागलंय. हिने खालून वर बघत फक्त एवढंच विचारलं, "याला घासतात कसं?" आत लिफ्टने आणि जिन्याने वर गेलं की घोड्याच्या मानेतून त्याच्या डोक्यावर निघता येतं आणि मागे वळून बघितलं की चंगीज खान एकदम तोंडासमोर, सोसायटीच्या चेअरमनने मेंटेनन्स थकल्यावर बघावं तसा बघतोय. मी हिला म्हटलं, बघ, घोड्यावर बसून झालं माझं, तेही चंगीज खानाच्या. ती म्हणाली, "हा इन्क्लुडेड नव्हता, याचं तिकीट वेगळं काढलंय."

तिथून पार्क. नॅशनल पार्क म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर बोरिवलीच येते, पण बोरिवलीचं पार्क १०४ चौरस किलोमीटर आणि हे २९०० च्या वर, म्हणजे अठ्ठावीस बोरिवल्या, आणि त्यात एकही लोकल नाही. १९९३ साली याला नॅशनल पार्क केलं. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या गोल गोल शिळा एकावर एक रचलेल्या, मधे हिरवंगार गवत, पांढरे गेर म्हणजे त्यांचे गोल तंबू, खरंच सुंदर आहे, इथे मी चेष्टा करत नाही. पण गाईडेड ट्रिप म्हटली की सुंदर गोष्टीला पंधरा मिनिटं मिळतात. मेल्खी खाद, म्हणजे कासवाचा खडक, पंधरा मिनिटं. महाबळेश्वरला कसं प्रत्येक पॉइंटला हत्ती नाहीतर माकड दिसायलाच लागतं तसंच हे, फरक एवढाच की हे कासव खरंच कासवासारखं दिसतं. तिथेच एक माणूस गरुड घेऊन उभा होता. हातमोजा घालून हातावर गरुड घ्यायचा, पैसे द्यायचे, फोटो काढायचा. गरुड आपल्याला वाटतो त्याच्या दुप्पट जड असतो आणि पंख पसरले की आपण गरुडाला धरलंय का गरुडाने आपल्याला, हा प्रश्न पडतो. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत, गरुडाचा फोटो छान आलाय.

आर्याबाल मंदिराला मात्र जरा वेळ मिळाला, कारण चढ होता आणि माझ्यासाठी सगळ्यांना थांबायला लागलं. आर्याबाल म्हणजे आपला अवलोकितेश्वर, आर्य अवलोकितेश्वर. शेवटच्या १०८ पायऱ्या, हत्तीची सोंड म्हणून बांधलेल्या, देऊळ म्हणजे हत्तीचं डोकं. मी धापा टाकत पायरीवर बसलो तर गाईड माझं मन रमवायला म्हणाली की आमच्याकडे शनी ग्रहाला सांचिर म्हणतात, गुरूला बार्खासबादी, शुक्राला सुगर. मी म्हटलं म्हणजे शनैश्चर, बृहस्पती, शुक्र! घरापासून एवढ्या लांब येऊनही साडेसाती सोबत आहे हे ऐकून मला फार आपलेपणा वाटला.

आता जेवण. हे एका कुटुंबाच्या गेरमधे होतं. गाईडने दाराबाहेर सूचना दिल्या, उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, आत डावीकडून फिरायचं, खांबाला टेकायचं नाही, कुणी काही दिलं की उजव्या हाताने घ्यायचं. ही म्हणाली, एवढं तर माझी आजी पण सांगायची. मी उंबरठ्यावर पाय पडू नये म्हणून खाली बघत पाय चांगला उंच उचलला आणि वरची चौकट कपाळात बसली. गेरचं दार बुटकं असतं हे सूचनांमधे नव्हतं.

आत मधोमध चूल, एक आजीबाई आणि त्यांचा मुलगा-सून. पहिल्यांदा चहा आला, सूतेई त्साई. भरपूर दुधाचा, वाफाळता, आणि दोन दिवस हॉटेलातल्या टीबॅगवर काढलेल्या माणसाने घ्यावा तसा मी मोठा घोट घेतला. खारट. मीठ! हिच्याकडे बघितलं तर ती साखरेचा डबा शोधत होती. मग आरूल, म्हणजे वाळवलेलं दही. मी म्हटलं चक्का असेल. चक्का कसला, पाट्यावरचा वरवंटा. माझी डावीकडची कॅप याआधी दोनदा बसवलेली आहे, म्हणून मी तो तुकडा उजवीकडे सरकवून नुसता चघळत बसलो, तो संध्याकाळी उलानबातरला परत येईपर्यंत तोंडात होता.

ही शाकाहारी. तिच्यासाठी बटाट्याचे खूशूर तळले होते, आपल्या चपट्या करंजीसारखे, चांगले होते. पण हिने सवयीने बॅगेतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढलीच, आणि पाहुणचार म्हणून आजीबाईंपुढे धरली. आजीबाईंनी बोटभर चटणी चाटली. या लोकांच्या जेवणात तिखट जवळपास नसतंच. त्या दोन मिनिटं चुलीकडे बघत गप्प बसल्या, डोळ्यातून पाणी, आणि मग खदाखदा हसल्या आणि मुलाला काहीतरी म्हणाल्या. मुलगा उठला आणि मोठ्या वाडग्यातून ऐराग घेऊन आला. मला वाटतं हिशोब चुकता करायचा होता.

ऐराग म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध. उन्हाळ्यात घोड्या दर दोन-तीन तासांनी दोहतात आणि कातडी पिशवीत ते दूध हजारो वेळा घुसळतात. चव सांगायची तर आंबट ताकात कुणीतरी अर्धी बियर ओतून विसरून गेलंय. थोडं चढतंही म्हणतात. मी नाक दाबून वाडगा संपवला, कारण आपल्यावर संस्कार, पानात काही टाकायचं नाही. आजीबाईंनी रिकामा वाडगा बघितला आणि लगेच भरला. मी परत संपवला. त्यांनी परत भरला. तिसऱ्या वाडग्याला गाईडने कानात सांगितलं की नको असेल तर नुसता ओठाला लावून परत करायचा, संपवलात तर त्यांना वाटतं अजून हवंय. हे दाराबाहेर नसतं का सांगता आलं?

मग घोडेमैदान. अगदी शब्दशः. पोटात तीन वाडगे घोडी आणि खाली घोडा. मंगोलियन घोडे ठेंगणे असतात, मला जरा हायसं वाटलं, पण ठेंगण्या माणसांइतकेच ते मनस्वी असतात हे नंतर कळलं. डावीकडूनच चढायचं, पुढे जायला "चू" म्हणायचं, आणि घोड्यावर असताना जॅकेट काढायचं नाही, आवाज करणारं प्लॅस्टिक तर अजिबात नाही, घोडा बिचकतो. घोड्याचं नाव विचारलं तर म्हणे नाव नसतं, रंगावरून ओळखतो. ज्याला नावच नाही त्याला विनवणी तरी कशी करायची?

पाचेक मिनिटं सगळं छान चाललं होतं. हिचा घोडा पुढे, ही ताठ बसलेली, झाशीची राणी, आणि मी मागे. इतक्यात हिने दशम्यांची राहिलेली कॅरीबॅग खांद्याच्या पिशवीतून काढून नीट गाठ मारायला घेतली. कुरकुर, कुरकुर. हिचा घोडा जागचा हलला नाही, माझ्या घोड्याने मात्र कान टवकारले आणि निघाला. मी "थांब, अरे थांब, बाबा थांब" असं शुद्ध मराठीत सांगत होतो, मधेच तोंडातून "चू... चूक झाली" असं गेलं आणि त्यातलं पहिलं अक्षर त्याला बरोबर समजलं. माळ संपला, समोर नदी आली, आणि घोडा थेट पाण्यात उतरून गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि पाणी प्यायला लागला. माझे बूट भिजले, पँट भिजली. काठावर ही येऊन थांबली आणि म्हणाली, "चला, गंगेत घोडं न्हालं एकदाचं."

परत निघताना गारा पडल्या. जुलैत. त्यावर वेगळा लेख होईल.

गाडीत मी पुढे, ओले पाय, गालात आरूल, ट्रक दिसला की "गो गो". पण उलानबातरच्या वेशीवर गाडी थांबली ती थांबलीच. देशातली जवळपास निम्मी माणसं या एका शहरात राहतात आणि मला वाटतं ती सगळी त्या संध्याकाळी आमच्या पुढे होती. गाड्या कमी व्हाव्यात म्हणून नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून आठवड्यातला एक दिवस गाडी काढायची नाही असा नियम होता तरी ही तऱ्हा. गाईड म्हणाली वीस मिनिटं. वीस मिनिटांनी पण म्हणाली वीस मिनिटं. आणि याच सुमारास ते तीन वाडगे पोटात जागे झाले.

सकाळपासून शेकडो एकर मोकळा माळ मिळाला होता, आडोसे मिळाले होते, गाईडने चार वेळा विचारलंही होतं, आणि मी प्रत्येक वेळी शहाण्यासारखा "नो नो, आय हॅव सीन" म्हणालो होतो. आता डावीकडे बस, उजवीकडे बस, पुढे मॉल. मी मागे वळून गाईडला हळूच म्हटलं, मला घोडा बघायचाय. तिने खिडकीबाहेर एक नजर टाकली, माझ्याकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाली, "हिअर, नो हॉर्स." मागून एक जर्मन म्हणाला, "अँड प्लीज, नो फोटो."

पन्नास मिनिटांनी हॉटेल आलं. मी गाडी पूर्ण थांबायच्या आत उतरलो. लॉबीत रिसेप्शनवरची मुलगी उठून हसून म्हणाली, "वेलकम बॅक सर, हाऊ वॉज तेरेल्ज?" मी न थांबता एवढंच ओरडलो, "हॉर्स!"

पोरगी हुशार. तिने एक शब्दही न बोलता लिफ्टच्या डावीकडचं दार दाखवलं.