पिझ्झ्याचा तळ कुणी बघतं का?

एवढ्या मोठ्या शहरात चांगला पिझ्झा कुठे मिळतो, साधा प्रश्न. उत्तरं काय येतात? 'अँबियन्स मस्त आहे.' 'फोटो भारी येतात.' 'चीज बघ कसं ताणलं जातं!' अरे, पण पिझ्झा कसा आहे? पीठ नीट आंबलेलं होतं का? तळ भाजला होता का? त्यावर कुणी चकार शब्द काढेल तर शपथ!

प्रत्येक यादीत तीच दहा नावं, प्रत्येकाला साडेचार तारे. परवा अशाच एका 'नंबर वन' ठिकाणी तासभर रांगेत ताटकळले. तुकडा उलटा करून पाहिला, तर तळ पांढराफटक. करपल्याचा एक ठिपका नाही! मधलं पीठ दाताला चिकटत होतं. इटलीतल्या नेपल्स शहराचा पिझ्झा मधोमध मऊच असतो, मान्य. पण मऊ वेगळं आणि कच्चं वेगळं! आणि पाटीवर काय, तर 'अस्सल नेपोलिटन', म्हणजे नेपल्सचा!

अस्सल? नेपल्समध्ये त्यासाठी १९८४ पासून संघटना आहे, लेखी नियम आहेत. पीठ तासन्‌तास आंबवायचं, हातानेच थापायचं, ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेल्या भट्टीत ६० ते ९० सेकंद, की बाहेर! २०१७ मध्ये युनेस्कोने या कलेला वारशाच्या यादीत घेतलं. आणि आपण गाद्यागिरद्यांना आणि दिव्यांच्या माळांना तारे वाटत बसतो?

किती पैसे आणि किती संध्याकाळी वाया घालवायच्या माणसाने? पुढच्या वेळी तो ताणलेल्या चीजचा फोटो नको. तुकडा उलटा करा आणि तळ दाखवा!