लसूण आत जातो म्हणून इन्सुलिन जाईल?

मावशीच्या फोनवर फॉरवर्ड आलाय. त्वचेला लावलेलं काहीही २६ सेकंदांत रक्तात उतरतं, पुरावा हवा तर ठेचलेला लसूण तळपायाला चोळा, तोंडात चव येते, मग सुया कशाला टोचून घेता, आमचा इन्सुलिन पॅच पोटाला चिकटवा. खाली ऑर्डरची लिंक. आणि मावशी विचारतेय, रात्रीचा डोस बंद करू का! नाहीतर असल्या फॉरवर्डला उत्तर देत कोण बसतंय.

लसणाचं खरंय, मान्य. २६ सेकंदांत नाही, पण चव येते. कारण त्यातल्या अ‍ॅलिसिनच्या रेणूचं वजन जेमतेम १६२ डाल्टन (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक), निकोटिनचंही तेवढंच, म्हणून निकोटिनचा पॅच चालतो. इन्सुलिन आहे सुमारे ५८०० डाल्टन! कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशी आणि त्यांच्यामध्ये गच्च बसलेली चरबी. पाण्यात रेणू मोठा झाला तर वेग थोडाथोडा कमी होतो, पण या चरबीत तो धाडकन पडतो, थोडा मंदावतो वगैरे नाही. बॉस आणि माइनार्डी या दोन संशोधकांनी २००० साली ‘एक्सपेरिमेंटल डर्मटॉलॉजी’ या त्वचाविज्ञानाच्या नियतकालिकात हेच मांडलं, की ५०० डाल्टनच्या वर गेलं की धड कातडीतून आत जाणं अवघड, आणि तेव्हा वापरात असलेली पॅचची सगळी औषधं त्याच्या खालचीच होती. आता ५०० म्हणजे काही दगडावरची रेघ नाही, टॅक्रोलिमस हे मलमातलं औषध ८०४ चं असून एक्झिमाच्या बिघडलेल्या कातडीत काम करतं, पण १२०२ चं सायक्लोस्पोरिन हे औषध सोरायसिसला पोटातून घेतलं की चालतं आणि वरून चोळून काही होत नाही. मग ५८०० चं काय होणार?

‘पण इन्सुलिन पॅचवर संशोधन चालू आहे’ असंही त्यात आहे. चालू आहे ना, पण त्यातल्या बहुतेक पॅचना बारीक सुया असतात, त्या कातडी भेदतात, म्हणजे सुई आलीच की. टाइप वन डायबिटीसवाल्याने हे वाचून इन्सुलिन थांबवलं तर एकदोन दिवसांत कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं) होऊन आयसीयू, ही गंमत नाहीये. मावशी, डोस चालू ठेव, बदलायचा असेल तर तो डॉक्टर बदलतील.

फॉरवर्डच्या शेवटी आहे, कोलॅजन क्रीमने सुरकुत्या आतून भरतात म्हणे. कोलॅजन तीन लाख डाल्टनच्या आसपास. ते वरच बसतं, ओलावा धरतं, चेहरा थोडा वेळ मऊ लागतो, बास.